राहीबाईची चढण

॥ श्री ॥

महाड, ता. ४ नोव्हेंबर १९६३

चि. यज्ञेश्वर यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकेतून परत येऊन सात महिने झाले, आणि तिथे तू काय शिकलास हे मला परवा औषधांच्या दुकानात कळलं. कमलाकर कंपाउंडरने वर्तमानपत्र पुढे केलं. त्यात तुझा फोटो आणि खाली लिहिलेलं, की हे सर्जन आतड्याचं ऑपरेशन करून लठ्ठ माणसांना बारीक करण्याची विद्या शिकून आले आहेत. मी सदतीस वर्षं मुलींना शिकवलं, त्यातली अठरा मुख्याध्यापिका म्हणून. आणि माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा काय करतो, हे मला कंपाउंडरने सांगावं! फोटोत टायही वाकडा आहे. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

राग बाजूला ठेवून लिहिते, कारण काम आहे. राहीबाईचं.

तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलास, तेव्हा तीन वर्षांचा होतास. मूल कसं धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकाला ठेवलेल्या राहीबाईने तुला कमरेवर घेतलं, ते शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. आज तिला त्या कमरेत वाकता येत नाही. दवाखान्यातला काटा पुरला नाही, म्हणून तिला तांदळाच्या वखारीत, पोती तोलायच्या काट्यावर उभं करावं लागलं. दोनशे सव्वीस पौंड. हमाल हसले. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, मग नाही हसले. इथल्या नव्या डॉक्टरने तर तिला हातही लावला नाही. बाई, खाणं आवरा, म्हणाला. मी त्याला काय म्हणाले, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तिचा भाऊ हैबती तिकडे वर, डोंगरातल्या कुडपणला दम्याने अंथरुणाला खिळला आहे. पुढचा पावसाळा काढेल असं दिसत नाही. एकदा येऊन जा, असा त्याचा निरोप आला. नऊ वर्षांत ती वर गेलेली नाही. दिवाळीनंतर मी तिला एसटीने पोलादपूरला नेलं, तिथून तिचा पुतण्या सोनबा तिला घेऊन निघाला. पहिल्याच चढावर ती दगडावर बसली, आणि पुढे पाऊल टाकवेना. सोनबाने डोलीचं नाव काढलं, तर म्हणाली, मी काय मेलेय काय, चौघांनी उचलायला? आणि परत फिरली.

तर तू तिचं ऑपरेशन कर. शेठांच्या बायकांची करत असशील, तर तुला वाढवलेल्या बाईचंही कर. कधी आणू ते कळव.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर पाहून ठरवीन.

सुनीतीआत्या

मुंबई, ता. १४ नोव्हेंबर १९६३

ती. आत्यास यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

टाय वाकडाच होता. शेठांच्या बायका मात्र तू जोडल्यास, वर्तमानपत्राने नाही. इथे आल्यापासून मी असं ऑपरेशन एकही केलेलं नाही. तुला कळवलं नाही, कारण तू प्रश्न विचारले असतेस आणि माझ्याकडे उत्तरं तयार नव्हती.

मुंबईत शिकलो, मग एडिंबरोला गेलो, तोवर सर्जन म्हणजे हातातली सुरी अशीच माझी समजूत होती. अमेरिकेत माझे प्राध्यापक ही ऑपरेशनं करत. लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून वगळायचा आणि दोन टोकं जोडायची, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. मी परका आणि नवा, म्हणून माझ्या वाट्याला कोणाला नको असलेलं काम आलं. घरी गेलेल्या पेशंटांना दर महिन्याला भेटून यायचं. दोन वर्षं बर्फातून एकवीस घरं फिरलो. काही माणसं खरोखर उठून कामाला लागली होती. रेल्वेतला एक माणूस तर मला पाहून अंगणात नाचला. पण एका शिक्षिकेचं वजन निम्म्यावर आलं, आणि दिवसातून पंधरा वेळा जुलाब होऊन ती इतकी खंगली, की दार उघडायला भिंत धरत आली. तिने विचारलं, कापण्याआधी तुमच्यापैकी एकही जण माझ्या घरी का आला नाही? त्या दिवसापासून माझा नियम आहे, घर पाहिल्याशिवाय सुरी नाही.

महिनाभर मला सुटी मिळत नाही, तेव्हा माझे डोळे तू हो. आठ दिवस स्वयंपाकघरात बस. काय शिजतं, किती शिजतं, कोण किती खातं, ते लिहून पाठव. उपदेश करू नकोस. आणि राहीबाईला काय हवं आहे, ते तिलाच विचार आणि तिच्याच शब्दांत लिही. तिची भाषा सुधारू नकोस. बोलायला मी त्याच भाषेत शिकलो.

रागासकट जो लोभ आहे, तो तसाच असू दे.

तुझा यज्ञेश्वर

महाड, ता. २ डिसेंबर १९६३

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

सर्जन तू आणि हेरगिरी माझ्याकडे. आठ दिवस पाटावर बसून माझे गुडघे गेले. राहीबाईला पहिले दोन दिवस वाटलं, मी डबे तपासायला आले. तिसऱ्या दिवशी तिने मला लसूण सोलायला बसवलं.

आधी तिचं म्हणणं, शब्दाला शब्द:

‘यज्ञा, बाळा, तुझ्या सुरीला मी भीत नाय. बाई म्हनतात पोट कापतात, तर कापूंदे. पन मी मेले तर हैबतीला कोन सांगल, का मी येत व्हते? मला बारीक व्हायाचं नाय रे. बारीक व्हऊन काय करू, लगीन लावू? मला वर जायाचं हाय. भावाच्या वट्यावर येक डाव बसायचं हाय. तेवढी चढन माझ्यानं व्हईल असं काय ते कर. आनि तू येळेवर जेवतोस का नाय?’

शेवटचं वाक्य गाळावं म्हटलं, तर ऐकेना.

आता स्वयंपाकघर. लिहायला बरं वाटत नाही. घरात आम्ही दोघी, आणि भात शिजतो दहा माणसांचा. तुला आठवत असेल, तू, मी, राहीबाई आणि शाळेसाठी खेड्यांतून येऊन आपल्याकडे राहणाऱ्या मुली, कधी सहा, कधी सात. सगळ्या एकदम बोलायच्या, आणि मी बाहेरून छडी आपटायची. शेवटची मुलगी नऊ वर्षांपूर्वी मॅट्रिक होऊन गेली. राहीबाईचं पातेलं काही लहान झालं नाही. अजून मंगळवारी पडवळ होतं, कारण उमरठच्या चंद्रभागेला आवडायचं. शुक्रवारी कुळथाचं पिठलं, तुझ्यासाठी. मी विचारलं, हे सगळं खाणार कोण? म्हणाली, पोरी येतात की अवचित, लेकरं घेऊन. येतात खऱ्या, वर्षातून दोनदा. एरवीचं उरलेलं पूर्वी गाईला जायचं. मुली गेल्या त्याच वर्षी गाय मी विकली. अन्न टाकायचं नाही, म्हणून माझं जेवण झालं की राहीबाई एकटी बसते आणि पातेलं रिकामं करते. भुकेने नाही, यज्ञेश्वर. आवरायचं म्हणून.

मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून जेवते, चार घास खाऊन उठते. तेहेतीस वर्षांत तिला जेवताना मी पाहिलं नव्हतं. मुलींच्या वह्यांतली एक चूक माझ्या नजरेतून कधी सुटली नाही, आणि हे सुटलं. त्या नव्या डॉक्टरला बोलले ते मी परत घेत नाही, पण त्यातलं थोडं मलाही लागू पडतं.

आता काय करायचं ते सांग. लोभ या खेपेस तूच सांभाळ, माझा जरा खचला आहे.

सुनीतीआत्या

मुंबई, ता. ९ डिसेंबर १९६३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नको. त्यानंतर तिच्यावर जन्मभर कोणीतरी लक्ष ठेवावं लागेल, वरचेवर रक्त तपासावं लागेल. कुडपणला ते कोण करणार? सहा महिन्यांत उतार पडला नाही, तर मी स्वतः करीन, आणि मग ती इथे माझ्या घरी राहील. तोवर भात दोघींपुरता शिजू दे. कोणी आलं तर पुन्हा चूल पेटवायची. दोघींनी एकाच वेळी, समोरासमोर जेवायचं. संध्याकाळी तिला घेऊन नदीपर्यंत चालत जा, आणि दर आठवड्याला थोडं पुढे.

तिला पुन्हा वखारीत नेऊ नकोस. मी काटा पाठवतो आहे. तो घरात ठेव, आणि त्याच्यावर आधी तू उभी राहा.

हैबतीच्या दम्यासाठी गोळ्या सोबत आहेत, कशा घ्यायच्या ते चिठ्ठीत लिहिलं आहे. सोनबाकडून लगेच वर पाठव. बहिणीला चढायला वेळ लागणार, तोवर भावाला थोपवलं पाहिजे.

तू खचू नकोस. तू रागावलीस की मला घरी आल्यासारखं वाटतं, तेवढा लोभ चालू ठेव.

यज्ञेश्वर

महाड, ता. २४ मे १९६४

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझा काटा माझ्या बाबतीत खोटं बोलतो. राहीबाईच्या बाबतीत खरं बोलला, एकशे ब्याऐंशी.

तू दोन ओळींत लिहिलंस, समोरासमोर जेवा. ती अकरा दिवस बधली नाही. बाईंच्या म्होरं जेवायाची मला लाज वाटती, म्हणाली. शेवटी मीही ताटाला हात लावला नाही. दुपारचे तीन वाजले, तेव्हा बसली, तीही माझ्याकडे पाठ करून. मग आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी वळत गेली. होळीला आम्ही समोरासमोर होतो. आणि मग जे बोलू लागली! कोणती मुलगी रात्री रडायची, कोणी माझी नक्कल करायची, सगळं मला आता कळतं आहे. माझी नक्कल तिने करून दाखवली. चांगली करते, हे मी तिला सांगितलेलं नाही.

दहा तारखेला ती पोलादपूरहून सोनबाबरोबर निघाली. पहिल्या चढापर्यंत मी सोबत गेले. तिथे बसावं लागलं ते मला. बाई, तुम्ही जावा, ऊन व्हईल, असं म्हणून ती पुढे झाली. मागे वळून पाहिलंही नाही.

काल सोनबा खाली आला. वाटेतल्या वाडीत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली. गोळ्यांनी हैबती उठून ओट्यापर्यंत येऊ लागला आहे. त्याने तिला पटकन ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा ओरडला, इतकी रोड कशी गो झालीस, त्या महाडात तुला खायाला देत नाय काय? पाच महिन्यांच्या कष्टांवर हे बक्षीस! मग दोघं ओट्यावर बसली, ती दिवेलागणीपर्यंत.

तिचा निरोप असा, की भाऊ आहे तोवर ती वरच राहणार. पाऊस लागला की वाट बंद होईल, म्हणजे दसऱ्यापर्यंत तरी नाहीच. मी सोनबाला म्हटलं, तिला सांग, घाई करू नकोस. नीट आवाजात म्हटलं.

तू चांगला डॉक्टर झाला आहेस. हे मी एकदाच लिहीन, जपून ठेव. पण पेशंट बरी होऊन चालायला लागली की घरी मागे कोण राहतं, हे पाहायला तुझ्या प्राध्यापकांनी तुला कधी पाठवलं होतं का? आज दुपारी मी शेजारच्या बनुबाईला जेवायला बोलावलं. ती खाताना आवाज करते आणि सुनेच्या तक्रारींशिवाय तिच्याजवळ विषय नाही. उद्याही बोलावलं आहे. एकटीने जेवायची माझी सवय तू मोडलीस, आता त्यावर काही औषध असेल तर कळव. नसेल तर सुटी काढून ये.

लोभ आहे तो टिकव. या वयात नवा जोडणं माझ्याने व्हायचं नाही.

सुनीतीआत्या