मंदाच्या नावाची सहल

२८ जानेवारी २००६, शनिवार. ब्रह्मपुरी.
पोस्टमनने मंदाच्या नावाचं पाकीट आणलं. तिला जाऊन पाच महिने होत आले. कुणाच्या हाती द्यावं त्याला कळेना, दारात उभाच राहिला. सही मी केली.
गेल्या उन्हाळ्यात चहाच्या पुड्यातलं कुपन तिने भरून पाठवलं होतं. हा चहा का आवडतो ते दहा शब्दांत लिहायचं होतं. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, बक्षीस लागलं तर सांगीन.
लागलं. नवरा, बायको, एक मूल. मुंबईला एक दिवस थीम पार्क, मग दोन रात्री मोठ्या बोटीवर, समुद्रात जाऊन परत.
पाकीट लेकीने, राणूने फाडलं. पत्र तेवढं हातातून सोडवलं.

२९ जाने., रवि.
गावी गेलो. मायला सांगितलं.
"जिच्या नावाचं हाय ते नाई, अन् तू कुठी चालला? वर्ष तरी होऊ दे."
भाऊ म्हणाला, "बोट कायले पाह्यजे तुले? आपला डोंगा नाई का तलावात? त्यात बस अन् फीर दिवसभर." सगळे हसले. मीही हसलो.
निघताना भाऊने बाजूला घेऊन आठवण दिली. मंदाच्या तेरवीला ठरलं तसं राणूला वरोऱ्याला शोभाबाईंकडे द्यायचं. मंदाची मोठी बहीण. त्यांना मूल नाही. घर चांगलं, माणसंही चांगली. तेव्हा मी मान हलवली होती. त्या दिवसांत कशालाही हलवली असती.
"माणसाच्या हातून पोरगी वाढते का? वेणी तरी घालता येते का तुले?"
येत नाही. शिकेन.

२ फेब्रु., गुरु.
शाळेत कामावर होतो, शोभाबाईंचा फोन. ऑफिसात सगळ्यांसमोर घ्यावा लागला.
"जाऊन या भाऊजी, मी अडवत नाई. पन येताना पोरीले इथीच सोडा. नागपूरवरून सरळ बस हाय. मी तिचे फ्राक शिवून ठेवले."
हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मस्टर पुढे ओढलं आणि चुकीच्या रकान्यात लिहीत बसलो. हो काऊन म्हणालो.

७ फेब्रु., मंगळ.
शेजारच्या काकूंकडून वेणी शिकतो आहे. तीन पेड. राणू स्वतः पाच मोजेपर्यंत बसते, आणि पाचपर्यंत तिला येत नाही म्हणून वेळ मिळतो.

११ फेब्रु., शनि.
सामान भरलं. फ्राक, चड्ड्या, दुधाची पावडर, तापाचं औषध, चटई. छपराखालचा तुंबा काढला.
मंदाने तो वेलावरच वाळू दिला होता. गळ्याला जाळ्याचा दोर दुहेरी बांधून ठेवला होता. आमच्या घरी लेकराच्या पाठीला असा वाळलेला भोपळा बांधून तलावात सोडतात. मला तसंच सोडलं होतं, तिलाही तिच्या गावात. राणूला या उन्हाळ्यात सोडायचं दोघांनी ठरवलं होतं.
माय गावाहून आली होती. म्हणाली, "मुंबईत भोपळा घेऊन जाशीन? लोक हासतीन."
हसू देत. पाणी तिथेही आहे.

१३ फेब्रु., सोम. गाडीत.
समोरच्या बाई: "हिची आई कुठे आहे?"
"नाही."
"माहेरी गेली का?"
"नाही."
राणू म्हणाली, "आई भिताडावर हाय."
घरी भिंतीवर मंदाचा फोटो आहे. थोड्या वेळाने बाईंनीच हात पुढे केला, "आणा, मी घालते हिची वेणी." नको म्हटलं. मीच घातली. गाडी हलत होती, वाकडी आली. सोडली, पुन्हा घातली. पुन्हा वाकडी. राहू दिली.

१४ फेब्रु., मंगळ. मुंबई.
थीम पार्क. खिडकीतल्या मुलीने पत्र वाचलं. "सर, मॅडम येईपर्यंत थांबताय का?"
"मॅडम येणार नाहीत."
तरी तिने मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या तीन दिल्या. पत्रावर तीन होत्या म्हणून. एक मला, एक राणूला. तिसरी तुंब्याच्या गळ्यात बांधली.
गेटवर अडवलं. "बाहर का खाना अंदर नहीं चलेगा."
"खाना नहीं है. पीठ पे बांधते हैं."
"लौकी है ना?"
"सूखा है."
"सूखा है तो भी सब्जी है." त्याने वाजवून पाहिला, कानाला लावून हलवला. आत बिया वाजल्या तसा दुसऱ्याला बोलावून आणला. त्यानेही हलवला. मागे रांग वाढली, लोक ओरडायला लागले. म्हणे इथे ठेवून जा, परत जाताना मिळेल.
शाळेत मी कुणाशी मोठ्याने बोलत नाही. इथे बोललो. "जाएगा तो साथ में जाएगा, नहीं तो तीनों बाहर बैठेंगे." तीनों तोंडातून निघून गेलं. त्यांना ते कळलं नाही. सोडलं एकदाचं.
आत प्रत्येक झुल्याजवळ विदूषकाची पाटी. त्याच्या हाताएवढी उंची असेल तरच बसायचं. राणू त्याच्या गुडघ्याला लागते. एका आगगाडीत बसता आलं, त्यात तीनदा बसलो.
मग लहान मुलांचा हौद. पाणी माझ्या मांडीपर्यंत. तुंबा पाठीला बांधला, दोराची गाठ पोटावर घेतली, सोडली. आधी डोळे मोठे केले. मग पाय मारायला लागली. पोरं जमली. "बाबा, हात काढ." हात काढला. तरंगली.
शिट्टी. हौदावरचा माणूस म्हणे, हे चालत नाही, इथलंच जॅकेट घाला. घालून पाहिलं. खाली गुडघ्यापर्यंत, वर कानापर्यंत. तोंड दिसेना. रडायला लागली. काढलं, आणि काठावर पाय सोडून बसलो. दोन वाजता तो माणूस जेवायला गेला, दुसरा आला. पुन्हा उतरलो.

१५ फेब्रु., बुध. बोट.
खोलीत तीन पलंग. तिन्हींवर टॉवेलचे हंस करून ठेवलेले. राणूने दोन मोडले. तिसरा मी कपाटावर ठेवला.
दुपारी भोंगा झाला. सगळ्यांनी केशरी जॅकेट घालून रांगेत उभं राहायचं, बोट बुडाली तर काय करायचं ते ऐकायचं. लेकराचं जॅकेट म्हणून दिलं तेही तिला मोठंच. घातलं, आणि त्यावरून तुंबा बांधला. लोक बघायला लागले, एकाने फोटो काढला. काळा चष्मा लावलेल्या एक पुण्याच्या बाई होत्या.
"किती गोड! ही काय नवीन फॅशन आहे का?"
"नाही. रीत आहे."

१६ फेब्रु., गुरु.
काल पुढचं लिहिता आलं नाही. किनारा दिसेनासा झाला आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. आमच्या पिढ्या पाण्यावर गेल्या, पण तलाव जागेवर राहतो. राणूला काही झालं नाही. ती पलंगावर उड्या मारत होती.
डोळे मिटले. किती वेळ ते माहीत नाही. उघडले तर दार उघडं. राणू नाही.
भिंतीला धरून वर गेलो. नाव घेऊन ओरडलो. वरच्या मजल्यावर त्याच पुण्याच्या बाईंच्या मांडीवर बिस्किट खात होती. पाठीला तुंबा.
"अहो, ही जिना चढून एकटी आली वर! कठड्याजवळ होती. कमाल आहे तुमची."
बरोबर बोलल्या. दाराला कडी मी लावली नव्हती. तुंबा बांधला म्हणजे झालं असं डोक्यात. घरून तीच सवय घेऊन आलो. तलावाला चालतं ते, चार माणसं काठावर असतात.
रात्रभर हेच. भाऊचंच खरं का? हे शोभाबाईंना सांगायचं नाही.
सकाळी राणू रडली. "मावशीकडे जाऊ." तेही खरंच.
दिवसभर दोराचं दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधून फिरलो. एक जण म्हणाला कुत्र्यासारखं काय बांधलंय लेकराला. त्याच्याकडे बघत राहिलो, तो गेला.
कठड्याशी तिला उचलून धरलं. तलावासारखा बांध शोधत बराच वेळ बघत होती.
"बाबा, पाळ कुठी हाय?"
"इथे पाळ नाही, बेटा."
"मंग पानी कोनं धरलं?"


१७ फेब्रु., शुक्र.
उतरलो. चहावाल्या कंपनीचा माणूस फोटो काढायला हजर. "फॅमिली पूर्ण हवी होती सर. मॅडम?" त्याला विचारलं, कुपनवर तिने काय लिहिलं होतं? म्हणाला, ते कागद आता कुठे असतील.
फोटो काढला. मध्ये तुंबा धरला. हा बाजूला ठेवा म्हणाला. नाही ठेवला.

१८ फेब्रु., शनि. बसमध्ये.
नागपूरला स्टँडवर ब्रह्मपुरीची बस लागलेली. जागा होती, राणू पेंगत होती. पाय उचलला, परत खाली ठेवला. चोरासारखं न्यायचं नाही. वरोऱ्याच्या बसमध्ये बसलो.
शोभाबाई दारात. राणू माझ्या कडेवरून सरळ त्यांच्या कडेवर. आत छोटी खाट, नवी गादी, त्यावर तीन फ्राक घड्या करून. साडभाऊ, शोभाबाईंचे यजमान, खुर्चीत पेपर घेऊन. मला चहा, राणूला वरणभात. मावशीच्या हातून सगळा जेवली. माझ्या हातून जेवत नाही.
मी आधी बोटीवरचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दुसरं काही बोलायच्या आधी तेच निघालं.
"एकटी जिना चढली?"
"हो."
"अन् तुमी ओकत होता."
"हो."
"हे सांगाले आले इथवर?"
"हे सांगितलं. आणि तरी नेतो तिला. तेरवीला मान हलवली ती चूक झाली."
साडभाऊंनी पेपर खाली केला, पुन्हा वर केला.
शोभाबाई राणूला पुढ्यात घेऊन बसल्या.
"ही वेनी कोनं घातली?"
"मी."
"दिसूनच राह्यलं." सोडली. तेल लावलं, फणी फिरवली, घट्ट, सरळ घातली. राणू हललीसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं.
मग तुंबा हातात घेतला. दोर बोटांनी चाचपला. "हा तं कुजला. मंदीनं जुनाच बांधला. अशीच होती, आयतं सापडलं तं नवं काऊन काढा." हसल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.
आल्या तेव्हा एक फ्राक माझ्या पिशवीत घातला. दोन उचलून कपाटात ठेवले.
"हे इथीच राहू द्या. पोरगी येईन तवा लागतीन."
कधी येईल, किती दिवसांसाठी, मी विचारलं नाही. स्टँडपर्यंत राणूला त्यांनीच उचलून आणलं. बस सुटली तेव्हा राणूने मावशी म्हणून भोकाड पसरलं, चिमूरपर्यंत थांबली नाही. आता झोपली आहे. तुंब्याच्या गळ्यातली पट्टी ओली होऊन वाळली, शाई पुसली, कागद आहे अजून.
उतरल्यावर आधी दोर बदलायचा.
उद्या भाऊ येईल. राणूला पाहील, विचारेल. काय सांगायचं ते ठरवलेलं नाही. वेणी वरोऱ्याची आहे हे त्याला लगेच कळेल. सकाळी तो यायच्या आत सोडून मी घालणार. वाकडी आली तरी.