तेवीस तारखेची शंभर तिकिटं

ती. सेत्सुमावशीस,

तोक्योहून तोमोएचा कमरेत पार वाकून नमस्कार. (वाकते ती आता कण्हत वाकते. सकाळी चार तास कामच वाकून असतं, ते पुढे येईल.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांनी खारवलेले मुळे सोडले का, की डॉक्टरांनीच काकांना सोडलं?

मी मजेत आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव खालीवर व्हायचा नाही. आमच्या गाण्याच्या गटात पाच जणी होत्या, आता तिघी उरलोय. एकीने लग्न केलं, दुसरीला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. (दोघींचे निरोपाचे कार्यक्रम मात्र दणक्यात झाले. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त तिकिटं निरोपालाच खपतात, म्हणून मॅनेजर अधूनमधून माझ्याकडेही आशेने बघतात.) तिकिटाचे पैसे हॉलच्या भाड्यात जातात. आमचं पोट चालतं ते कार्यक्रमानंतरच्या फोटोंवर. चाहत्याने दीड हजार येन द्यायचे, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, एक मिनिट बोलायचं. त्यातले पाचशे माझे. पोशाखाची धुलाईही माझीच. म्हणून सकाळी डब्यांच्या कारखान्यात भाताच्या मधोमध एकेक खारवलेलं आलुबुखार ठेवायला जाते. मधोमध म्हणजे अगदी मधोमध, नाहीतर देखरेखीच्या बाई ओरडतात.

तर गेल्या पंधरवड्यात मॅनेजर हाताकेयामासाहेबांनी तिघींना समोर बसवून सांगितलं, की तेवीस तारखेला शंभर तिकिटं गेली नाहीत तर गट बंद. आम्हाला चाळीस माणसं येतात, तीही हॉलचा वायरमन धरून. दोघी रडायला लागल्या. मी विचारलं, "मोजून शंभर ना?" ते म्हणाले, "मोजून शंभर." मग ठीक आहे.

शनिवारी मी कावागुचीतल्या एका सुपरमार्केटच्या दारात फुकट गायची परवानगी काढली. पहिल्याच गाण्याला स्पीकर मेला. मी तशीच गात राहिले. समोर पाच माणसं. तेवढ्यात आतून घोषणा झाली, बांगडा निम्म्या किमतीत, आणि पाचातली चार आत पळाली. मग मीही हट्टाला पेटले. तिसऱ्या गाण्याच्या चालीवर तिथल्या तिथे बांगडा बसवला, उड्या मारत म्हटला, आणि ही गर्दी! पंधरा मिनिटांत मासळीचं टेबल रिकामं. फोटो खपला एक. दुकानाचे मालक बाहेर येऊन म्हणाले, "पोरी, हे नाचणंबिचणं सोड. माझ्याकडे कायमची ये. पगार देतो, विमा देतो, वर्षातून दोनदा बोनस देतो." खोटं कशाला बोलू मावशी, पाय घुटमळला.

तो एक फोटो नुमातासानांचा. वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले कारकून. चार वर्षांत त्यांनी आमचा एक कार्यक्रम चुकवलेला नाही, आणि फोटोत मात्र पासपोर्टसाठी उभं राहावं तसे उभे राहतात. त्यांच्या मिनिटभरात ते म्हणाले, "तिसऱ्या गाण्यातली तुमची गिरकी नेहमी जराशी उशिरा यायची. आज वेळेवर आली. बांगडा असूनसुद्धा."

ती गिरकी मी कारखान्याच्या सायकलस्टँडवर एकटीने आठ महिने घोटली आहे. ती कुणाच्या लक्षात येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी मालकांपुढे वाकून नाही म्हटलं (सुटलेले केस नीट करायच्या निमित्ताने डोळे पुसले), आणि रविवारपासून स्टेशनाबाहेर तिकिटं घेऊन उभी राहिले. आजवर अठ्ठ्याहत्तर गेली. उरलेल्यांचं मी बघेन. तू काळजी करू नकोस, मला कुणाकडून काही नको.

तुझी,
तोमोए

ता. क. तुमच्या महिला मंडळाची बस दर शरदात गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाते ना? यंदा तोक्योला आणा. बसमध्ये बरोब्बर बावीस जणी बसतात, मी चालकाला फोन करून विचारलं. गरम पाणी इथेही मिळतं.

आणखी एक ता. क. स्टेजवर माझं नाव हिनोन आहे. "तोमोए, पोट झाक!" असं ओरडायचं नाही. शिवाय जाहिरातीत मी एकवीस वर्षांची आहे. एकवीस वर्षांच्या मुलीला तुझ्या वयाची मावशी शोभत नाही, तेव्हा त्या दिवशी तू माझी आजी.

शेवटचा ता. क. बावीस तिकिटं याच पाकिटात आहेत. मंडळात नीट चर्चा करा, सगळ्यांना विचारा, काही घाई नाही. (हाताकेयामासाहेबांना मी कालच सांगून टाकलं, शंभर झाली.)