थोरलीची कलमं

१२ मे, शनिवार

थोरली जगत नाही. आज वॉल्टरने भिंगातून तिच्या पानाची मागची बाजू दाखवली — लाल कोळी! बारीक जाळी पार खोडापर्यंत. हा वॉल्टर आधी खाटीक होता, आता साल्तोतल्या गांजा क्लबची झाडं सांभाळतो. म्हणाला, "बाई, साबणाचं पाणी मारून दमाल. हिला जाळा आणि क्लबातून दुसरं झाड न्या."

दुसरं झाड! गेल्या वर्षी दुसऱ्याचं तेल देऊन पाहिलंच होतं. माझा नवरा मिल्टन दोन दिवस ओकत होता. थोरलीच्या तेलाचे तीन थेंब जिभेखाली गेले की त्याचा थरथरता हात तासभर तरी मांडीवर गप्प पडतो. त्याला तिचंच लागतं. बाटलीत बोटभर उरलंय. जपून वापरलं तर सप्टेंबरपर्यंत. बी पेरून उपयोग नाही — बी म्हणजे लेक, आणि लेक आईवर जाईलच असं कुठे आहे! कलम म्हणजे तीच ती.

शेंड्याच्या फांद्या अजून स्वच्छ आहेत. वॉल्टरला म्हटलं, जाळीन, पण आधी कलमं घेईन.

"कोळी बरोबर येतील, बाई."

"आले तर धुईन."

"कधी लावलीत का कलमं?"

नाही लावली. पण माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं संत्र्याची कलमं बांधली. साल्तोत आजही लोक संत्रं खातात ते त्याच्या हातचं. मी शाळेच्या पोरांचे पांढरे झगे शिवले. आमच्या दोघांचे मिळून दोन चांगले हात होतील की!

१३ मे

मिल्टनची खुर्ची शिवणखोलीत ढकलत नेली. मी कात्री उचलली तर केवढा ओरडला! हल्ली त्याचा आवाज पुटपुटण्याएवढाच निघतो, पण कात्री बघून निघाला बरोबर.

"कात्री चिरडते. पातं कापतं. माझा चाकू काढ."

त्याचा कलमाचा चाकू कपाटात तेलाच्या फडक्यात होता. दारूने पुसला. मग सुरू झालं आमचं — "पेराच्या खाली. तिरकं. तिरकं, म्हातारे!... खालची पानं काढ. वरची अर्धी काप. नाहीतर मुळं नसलेली काडी एवढ्या पानांना पाणी कुठून पाजणार?"

वॉल्टरने मुळं फुटायची पावडर दिली होती. मिल्टनने ती हुंगून बाजूला सारली. त्याला वाळुंजाच्या काड्या दोन दिवस भिजवलेलं पाणीच हवं होतं. नदीकाठच्या वाळुंजाच्या काड्या मी शुक्रवारीच, थोरली मलूल दिसली तेव्हाच, आणून भिजत घातल्या होत्या. मला माहीत नाही का माझा नवरा!

नऊ कलमं, नऊ पेल्यांत त्या पाण्यात उभी. लागतील त्यातली सहाच वाढवायची, सरकारकडे नोंदणी सहा झाडांचीच आहे. प्रत्येकीवर प्लास्टिकची अर्धी बाटली उपडी घातली. वर दिवा, खाली गरम पाण्याची रबरी पिशवी. शेवटचं कलम मिल्टनला स्वतः लावायचं होतं. दोनदा हातातून पडलं. तिसऱ्यांदा त्याने ते माझ्यापुढे केलं आणि भिंतीकडे बघत बसला.

मग मागच्या अंगणात थोरलीला जाळलं. वास सगळ्या गल्लीला गेला असेल. जाऊ दे.

१६ मे

सगळ्यांनी माना टाकल्यात. वॉल्टर फोनवर म्हणाला, टाकणारच, हात लावू नका. दिवसातून दहादा जाऊन बघते. हात लावत नाही.

१९ मे

एक गेलं. देठ काळं पडलं. आठ.

२० मे, रविवार

प्रार्थनेहून ओर्फिलिया थेट इकडे. मिल्टनची मोठी बहीण, वय शहात्तर, तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका. अजून माझ्याकडे बघते ते वही न आणलेल्या पोरीकडे बघावं तसं. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात नळी घातलेला तुंबा. त्यात भिजवायचा चहासारखा कडू पाला, येर्बा, तोही स्वतःचा आणते, माझा तिला पातळ लागतो.

"शिवणखोलीत उजेड कसला?"

"गांजाला उजेड लागतो."

"हळू बोल, निबिया! तुझं नाव सरकारी वहीत चढलंय, ठाऊक आहे ना? गांजा पिकवणारी म्हणून."

"चढवायला मीच गेले होते. टपाल कचेरीत, भर रांगेत. मागे तुझ्या चर्चमधल्या दोघी उभ्या होत्या, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं."

तिने एक घोट ओढला. मग मुद्द्यावर आली. नन्सच्या वृद्धाश्रमात खालच्या मजल्यावर जागा झालीये. जूनअखेर धरून ठेवतील. "डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? तो आता खुर्चीतून उठायचा नाही. त्याला उचलून उचलून तुझी पाठ किती दिवस टिकेल?"

"माझी पाठ माझी आहे."

"आणि माझा भाऊ?"

मिल्टन तिथेच बसलेला! त्याला कोणी विचारतंय का? मी विचारलं, "मिल्टन, जायचंय तुला?" उत्तर यायला वेळ लागतो त्याला. ओर्फिलिया वाट न बघता उठली. दारात म्हणाली, "काड्या रोवून माणूस चालायला लागत नाही."

हे इथे लिहिते, तिला कधी सांगणार नाही — पाठ खरंच दुखते. सकाळी त्याला उठवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तरी देणार नाही. चव्वेचाळीस वर्षं एका पलंगावर काढली, आता तिकडे कोणी परकी बाई त्याची पायजम्याची नाडी बांधणार? नाही म्हणजे नाही.

२४ मे

मूळ!! पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. पेला उचलून मिल्टनच्या नाकाशी नेला. म्हणाला, "वाळुंज." एवढंच. पण असा म्हणाला, की वॉल्टरने ऐकायला हवं होतं.

२५ मे

आज चौघींना.

२९ मे

दिवसभर पाऊस. पावसाळी पुऱ्या, तोर्ता फ्रिता, तळल्या आणि कलमं हलवली — आठही! मुळं बोटाच्या पेराएवढी. दह्याच्या डब्यांना भोकं पाडली, माती पिठाच्या चाळणीने चाळली (चाळणी गेली कामातून). मी अंगठ्याने माती दाबायला गेले तर मिल्टन खुर्चीच्या हातावर थापा मारायला लागला. "दाबू नकोस! पाणी घाल, पाणी बसवील तिला. बाळाला पाळण्यात ठेवतात की कोंबतात?" चाळीस वर्षांत मला हे कधी शिकवलं नाही. विचारलं तर म्हणाला, "तू कधी विचारलंस?"

हसलो दोघं. किती दिवसांनी!

१ जून, शुक्रवार

वॉल्टर आला. आठही बघून डोक्यावरची टोपी काढली त्याने. मग सक्त ताकीद — पाणी कमी, आणि येर्बाचा चोथा कुंडीत टाकायचा नाही. इथे घरोघरी तुंबा कुंडीतच रिकामा करतात. मीही तेच करते. माझी जिरेनियम त्याच्यावरच पोसलीत. पण वॉल्टर म्हणाला, ओला चोथा कुजतो, त्यावर बारीक काळी चिलटं येतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. मोठ्या झाडाला चालतं. तान्ह्याला नाही.

त्या क्षणापासून बंद. आता चोथा कचऱ्यात.

५ जून

चिलटं! दिव्याभोवती दहाबारा. आणि दोन डब्यांत येर्बाचा चोथा — हिरवा, ओला, आजचाच! थोडा जमिनीवरही सांडलेला.

मी नाही टाकला. मिल्टन खुर्चीत. आजच्या दिवसात घरात आणखी एकच माणूस येऊन गेलं — ओर्फिलिया, हातात तुंबा घेऊन.

७ जून

पुन्हा. या वेळी मधल्या तीन डब्यांत. दोन कलमं माना टाकून पडली. उपटून पाहिलं, मुळं तपकिरी, बुळबुळीत. सहा राहिली.

काल दुपारी ओर्फिलिया आली होती. मी अंगणात कपडे काढत होते तेव्हा ती घरात एकटी होती. आणि काय हवं!

८ जून, शुक्रवार

बोलले. सगळं बोलले! ती बसायच्या आत. "ओर्फिलिया, तुला माझं तोंड आवडत नाही तर माझ्या तोंडावर थुंक. झाडांनी तुझं काय केलंय? तान्ह्या झाडांत चोथा टाकतेस?"

आधी तिला कळलंच नाही. मग पांढरीफटक पडली. "मी? मी त्या खोलीत पाऊलही ठेवत नाही. वासाने डोकं उठतं माझं."

"तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका शिकवलंस ना?"

"निबिया, तुझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणूनच म्हणते त्याला—"

"तो कुठेही जाणार नाही! आणि तूही इथे यायचं नाही."

मिल्टन मधे काहीतरी म्हणू बघत होता. ओठ हलत होते, हात जोरात उडत होता. त्याच्याच्याने आवाज निघेना आणि मला ऐकायला सवड नव्हती. ओर्फिलियाने थर्मास काखेत मारला. दाराशी तिचे डोळे भरलेले दिसले. दिसले तर दिसले. मी पाघळले नाही.

९ जून

मिल्टन माझ्याशी बोलत नाही. सूप नको म्हणाला. रक्त रक्ताकडेच ओढ घेणार! मी तरी कोणासाठी करतेय हे सगळं?

११ जून

डब्यांवरची माती खरवडली, वर कोरडी वाळू पसरली. चिवट चिलटं आहेत. आणखी एक गेलं. पाच.

बाकीची पाच मात्र तरारलीत. नवी पानं, सात-सात बोटांची. थोरलीचाच तो लिंबाच्या सालीसारखा वास. पान चुरगळून मिल्टनच्या हातावर ठेवलं. त्याने हुंगलं. मग तोंड फिरवलं.

१३ जून, बुधवार

पुन्हा चोथा!! कोरड्या वाळूवर, अगदी मधोमध!

पाच दिवस झाले ओर्फिलिया या घरात आली नाही. मी वेडी झालेय का? मग आठवलं — तिच्याकडे किल्ली आहे! गेल्या वर्षी मी इस्पितळात होते तेव्हा दिली होती. मी दुपारी झोपते हे साऱ्या साल्तोला ठाऊक आहे, दोन ते साडेतीन तोफ डागली तरी उठत नाही. त्या वेळात येऊन जाते! शहात्तर वर्षांची बाई, चोरपावलांनी, येर्बाचा चोथा घेऊन! भावाला माझ्याकडून काढून न्यायला माणूस कुठवर जातं!

१४ जून

कुलूप बदललं. कुलूपवाल्याने विचारलं, किल्ल्या किती? म्हटलं, एक.

मिल्टनला सांगितलं, "आता बघते तुझी बहीण कशी शिरते ते." त्याने माझी बाही धरली. म्हणाला, "म्हातारे, तू... थांब जरा." थांबू कशाला? म्हटलं, माझ्याकडे थांबायला वेळ नाही, आश्रमाची मुदत जूनअखेर संपतेय.

१५ जून

चोथा. नवं कुलूप असताना. एक मेलं. चार राहिली.

खिडक्या तपासल्या. सगळ्यांना गज आहेत. उद्या दुपारी झोपायचं नाही. पलंगावर पडून डोळे मिटायचे आणि ऐकायचं. कोणीही असो, हाती लाटणं असेल माझ्या.

१६ जून, शनिवार

अडीच वाजता स्वयंपाकघरात खुर्ची करकरली. मग पाय घासल्याचा आवाज. लाटणं घेऊन दाराआड उभी राहिले. मिल्टन होता. उभा! सकाळचा तुंबा छातीशी धरून, दुसरा हात भिंतीवर, एक पाऊल, मग दम, मग एक पाऊल. असा शिवणखोलीपर्यंत गेला. डब्यावर वाकून तुंबा उपडा केला, थरथरत्या हाताने उडवला तेवढा जमिनीवर सांडला. बागेत झाडांशी बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "खा, पोरी. तो खाटीक काहीही म्हणो, चोथ्यानेच झाड पोसतं. आधी दाराबाहेरपर्यंत चालत जायचंय मला, मग सांगू तिला." मी हाक मारली नाही. तो खुर्चीत परत टेकेपर्यंत तोंडावर हात दाबून उभी होते. उद्या ओर्फिलियाकडे जायचं, माफी मागायला, नवी किल्ली द्यायला. दोघांनी. चालत.