शनीला लांबच्या मार्गाने

प्रिय आप्पा,

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. कारखान्यात प्रेसशॉपच्या आवाजाने तुमचे कान गेले, त्याचा आज मला आडोसा मिळतोय. याचीही लाज वाटते.

दिवाळीत रहाटणीच्या घरी मी तुमच्या तळहातावर कागदाचं पान ठेवलं होतं, आठवतं? आमच्या यानाचं इंजिन एवढाच रेटा देतं म्हटल्यावर तुम्ही हसलात. "एवढ्याशा जोरावर शनीपत्तुर जातंय व्हय?" जातं, आप्पा. तुमच्या प्रेससारखा दणका नाही, पण महिनोन्महिने थांबत नाही. फक्त त्याला वीज लागते ती उन्हाची. म्हणून आधी सूर्याजवळच फेऱ्या मारत वेग घ्यायचा आणि ऊन विरळ झालं की पुढे नुसतं वाहत जायचं. पोचणार कधी, असं तुम्ही विचारलंत आणि मी सहा-सात वर्षं म्हणून मोकळी झाले.

तेव्हापासून तुम्ही तंबाखू सोडलीत. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून पोरीचा शनी दाखवणार, असं शेजारच्या कोंडाजीकाकांना सांगून ठेवलंत. धाकटा दिग्विजय म्हणतो, हृदयाच्या गोळ्यासुद्धा आता मागे न लागता घेता. ऐकून मी इथे बेंगळुरूत फुशारले होते.

गेल्या आठवड्यात मार्ग ठरवायची बैठक झाली. जवळच्या मार्गाने यान लवकर पोचतं, पण इतक्या वेगात की त्याला शनीपाशी थांबता येत नाही. चार फोटो काढून पुढे निघून जातं. लांबच्या मार्गाला वर्षं दुप्पट लागतात, पण यान तिथे राहतं, शनीभोवती फिरत बघत बसतं. तो मार्ग मीच आखलेला. तोच घ्या म्हणून सगळ्यांशी भांडलेही मीच, आणि तोच ठरला.

दिग्विजय म्हणाला, आप्पांना कळवू नकोस, त्याच आशेवर आहेत. पण तुम्ही पडदा कुठे लावायचा ते ठरवत राहणार आणि मी हो हो करणार, हे माझ्याने व्हायचं नाही. मत देताना तुम्ही आठवला नाहीत असं नाही, आप्पा. आठवलात. तुमचं वय मनात धरलं, त्यात ती वर्षं मिळवली आणि तरी हात वर केला. रविवारी घरी येते आहे. माझ्याशी बोलू नका हवं तर. गोळ्या तेवढ्या बंद करू नका.

तुमचीच,
निशिगंधा