गेंड्याचं तेल

प्रिय खटपटे,

आधी गोड बातमी, मग बाकीचा पाल्हाळ. तुझ्या वहिनीला मुलगी झाली! मंगळवारी. महिनाभर आधीच आली, वजनाला मांजरीच्या पिल्लाएवढी, पण रडते अशी की नर्सबाई म्हणाल्या, ही पोर आहे की भोंगा! दोघी ठणठणीत आहेत. मी नाचायचीच बाकी आहे, पण गुडघे नको म्हणतात. अक्षराला हसू नकोस. चार यत्तांची शाळा माझी, त्यातली एक गोवरानं खाल्ली.

आता त्या दिवसाचं ऐक. दुपारी वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तुझा दादा कामावर, परगावी. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यानं सांगितलं, खालचा रस्ता वाहून गेलाय, मी वर पक्क्या सडकेवर थांबतो, तुम्ही चढून या. चढणार कशावर? आपल्या गेंड्यावरच, त्या चार जाड चाकांच्या मोटरसायकलीवर. आणि गेंड्याचं तर तुला ठाऊकच. तू क्लचच्या नव्या प्लेटा घालून दिल्यास, महिनाभरात तो चढावर घसरायला लागला, आणि तुझा बाप सगळ्यांदेखत म्हणाला, पोरीच्या हातचं काम, दुसरं काय होणार! तू त्याच आठवड्यात शहरातल्या गॅरेजात निघून गेलीस. तेव्हापासून गेंडा सपाटीवरच पाणी वाहत होता.

मागच्या ट्रॉलीत गादी घातली, वहिनीला निजवलं, मी तिचा हात धरून बसले. शेडपासून पहिल्याच वळणावर गेंड्यानं मान टाकली. इंजिन बोंबलतंय, चाकं जागची हलत नाहीत, आणि जळका वास. वहिनी दातओठ खातेय. माझी बोटं तिनं अशी आवळली की अंगठी रुतली. बिचारीला तेही कळलं नाही. तुझ्या बापानं चाकांमागे दगड लावले आणि तू शिकवलं होतंस तसं क्लचची लिव्हर दाबून पाहिली. टोकाशी बोटभर ढिलाई होती, म्हणजे तार ताणलेली नव्हती, दोष तिचा नाही. मग म्हणाला, प्लेटाच गेल्या, खोलावं लागेल. पाने आणायला शेडकडे पळाला. आता खोलायचं म्हणजे संध्याकाळ! पोर कुठे तेवढी थांबणार?

मी ओरडले, अरे थांब, खोलू नकोस, तेल बदल. तो म्हणाला, आई, तुला काय कळतंय त्यातलं? मग सांगितलं सगळं. तू प्लेटा घातल्यास त्यानंतर एकदा मी शेड झाडलं होतं. तेलाचे दोन अर्धे डबे दिसले, एक तुझा, एक पंपाच्या इंजिनाचा. म्हटलं, एक डबा मोकळा झाला तर बी ठेवायला होईल. पंपाचं तेल तुझ्या डब्यात ओतलं. तेल ते तेल, असं वाटलं मला. मग तुझ्या बापानं गेंड्याचं तेल बदललं ते त्याच डब्यातून. तूच एकदा सांगितलेलंस की गेंड्याच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, निसरडं तेल पडलं की एकमेकींना धरत नाहीत.

तो तसाच शेडात धावला. मग तुझ्या पेटीतले दोन सीलबंद डबे घेऊन आला. खालचा बोल्ट काढला, गरम तेलानं मनगट भाजलं, तरी हात थांबला नाही. एक डबा भरला, इंजिन चालवलं, लिव्हर दाबली-सोडली, दाबली-सोडली, ते तेलही काढून टाकलं. दुसरा भरला. वहिनी म्हणाली, आजी, आता नाही दम धरवत. मी म्हटलं, धर गं राणी, माझी दुसरी बोटंही घे. पहिल्यांदा गेंडा हातभर सरकला आणि परत घसरला. दुसऱ्यांदा असा हिसका बसला की मी ट्रॉलीतून पडायचीच. धरलं क्लचनं! सडकेपर्यंत एकदाही सुटला नाही. परवा तुझ्या बापानं कव्हर काढून पाहिलं. प्लेटा शाबूत आहेत. बराच वेळ हातात घेऊन बसला होता. त्याला काय बोलायचं ते त्याचं तो बोलेल, माझ्या पत्रात ते बसवायचं नाही.

आता जे लिहायला बसले ते. त्याला वाटतं, मला चढावर एकाएकी आठवलं. खोटं आहे. त्या भांडणात तू विचारलंस, तेल कुठलं घातलंत? तो म्हणाला, तुझ्याच डब्यातलं. तू गप्प झालीस. मी दारात कपडे वाळत घालत होते, मला तेव्हाच कळलं होतं. पण वाटलं, उद्यापासून म्हणतील, म्हातारीला कशाला हात लावू देऊ नका. म्हणून तुला बोलणी खाऊ दिली, तुला बॅग भरताना पाहिलं, तरी तोंड उघडलं नाही. त्यासाठी हे पत्र. हे पाकीट मी न चिकटवता तुझ्या बापाच्या हातात देणार आहे, टपालात टाक म्हणून.

तुझीच, तुझी अपराधी,
आजी