जाळ्यातला रोमी चेहरा

चिखला, ११ जानेवारी २०१५

ती. मधुकरकाकांस,
स्वातीचा शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकायचं नसतं ते तर मुळीच नाही; म्हणून लिहिते.

तुमची ‘पवनी आणि रोम’ ही पुस्तिका परवा मिळाली. पान अकरावर मातीच्या चकतीचं जे रेखाचित्र आहे ते मी काढलेलं आहे. त्याखाली ‘मोजमाप : कु. स्वाती, खाण सर्वेअर’ असं छापलं आहे. आणि त्याखालची ओळ अशी : ‘आमच्या आजोबांच्या हातमागाचा खड्डा खणताना सापडली.’

काका, ही ओळ खोटी आहे आणि तिच्यावर माझं नाव आहे.

दिवाळीत आपण मासोळी आणायला बुधरामदादांच्या घरी गेलो होतो. धरणामुळे त्यांचं करंजटोली गाव पाण्याखाली गेल्यापासून ते पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात. दारात त्यांच्या वडिलांचं जुनं जाळं वाळत होतं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या काठाला मातीचे मणी बांधतात. त्या मण्यांत ही चपटी चकती मला दिसली. तिच्यावर माणसाचा चेहरा होता. तुम्ही हातात घेतलीत आणि खाली बसलात. म्हणालात, की हा रोमचा सम्राट तिबेरियस असावा. रोमचं नाणं इथं आलं, इथल्या माणसानं त्याचा ठसा मातीवर घेऊन भाजला आणि गळ्यात घालायला भोक पाडलं. शकुनवहिनींनी विळ्यानं दोरी कापून चकती दिली. एकच मागणं केलं, की जिथं ठेवाल तिथं आमच्या गावाचं नाव लिहा. तो शब्द मी दिला होता. तुम्ही शेजारी उभे होतात.

आमच्या खाणीत दगडाच्या प्रत्येक नमुन्याबरोबर पिशवीत जागेची चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी नसेल तर नमुना कितीही चांगला असो, फेकून देतात. खोटी चिठ्ठी टाकणाऱ्याला पुन्हा नमुना काढू देत नाहीत.

१५ फेब्रुवारीला वाचनालयात या चकतीचं काचेचं कपाट उघडणार आहे. त्याआधी पाटी आणि पुस्तिका, दोन्ही दुरुस्त करा.

लोभ आहे, म्हणून एवढं लिहिलं.
स्वाती

पवनी, १७ जानेवारी २०१५

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले. शाळेत तुला पत्रलेखन मीच शिकवले, त्याचा आज पश्चात्ताप झाला.

चौतीस वर्षे मी या गावात रोम शिकवला. दरवर्षी कुणीतरी विचारायचेच, की सर, त्या रोमचं आपल्याले काय करायचं आहे? माझ्याजवळ उत्तर नव्हते. आता आहे. आपण कोष्टी. इथले कापड बंदरापर्यंत गेले असेल आणि तिथून रोमला. त्याच वाटेने ते नाणे आले असेल. अशा वेळी मी काय लिहू? मासोळीच्या जाळ्याला लटकलेली होती म्हणून? नागपूरचे विद्वान हसतील. जाळे काय, आज या डोहात, उद्या त्या. मागाचा खड्डा म्हटले की माणूस थांबून वाचतो. बुधराम पुस्तिका वाचणार आहे थोडाच!

त्याला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे, शालही देणार आहे. आणखी काय हवे? तू खाणीतली माणसे मोज. इतिहास मला राहू दे.

तुझी काकू म्हणते, हिवाळ्यात पोरीने मफलर घालावा. लोभ आहेच, जीभ जरा आवर.
तुझा काका

चिखला, २१ जानेवारी २०१५

ती. काकांस, सा. न.

मी माणसं मोजत नाही, बोगदे मोजते. चकतीसुद्धा मोजली आहे. व्यास ३.१ सेंटिमीटर, वजन ९.४ ग्रॅम. भोकाच्या एकाच बाजूला दोन मिलिमीटर खोल खाच आहे. ओली दोरी वर्षानुवर्षं एकाच दिशेनं ओढली गेल्याशिवाय भाजलेल्या मातीत अशी खाच पडत नाही. खड्ड्यात पुरलेल्या वस्तूला ती कशी पडली, हे विद्वानांना सांगायची तयारी ठेवा. ते हसतील ते तेव्हा.

पत्रात तुम्ही ‘असेल’, ‘असेल’ असं दोनदा लिहिता आणि पुस्तिकेत ‘सापडली’ असं ठाम छापता. सातवीत याच चुकीसाठी तुम्ही माझे गुण कापले होते.

त्याच वर्षी तुम्ही गेटाची गोष्ट सांगितली होती. रोमचा सम्राट कॅराकॅला यानं सख्ख्या भावाला, या गेटाला, मारलं आणि मग साम्राज्यातल्या दगडादगडावरून त्याचं नाव छिन्नीनं काढायला लावलं. तुम्ही फळ्यावर नाव लिहून डस्टरनं पुसलंत आणि म्हणालात, की मारणं एकवेळ समजू शकतो, हे नाही. मला रात्री झोप आली नव्हती.

करंजटोलीचं आता काय उरलं आहे? तिथं घर नाही, पार नाही, स्मशान नाही. एक नाव आहे. ते तुम्ही काढलंत आणि जागी आपल्या आजोबांचं घातलंत. वर शाल देणार आहात.

बदल झाला नाही तर १५ तारखेला मी येईन आणि माझी मोजमापाची वही सगळ्यांसमोर वाचेन.

लोभाचं दुरुस्तीनंतर बघू.
स्वाती

पवनी, २७ जानेवारी २०१५

चि. स्वातीले काकूचा आशीर्वाद.

तुह्या काकानं तीन दिवस तुहं पत्र उशीखाली ठेवलं अन् माह्यावर डाफरून राहिले. मी म्हटलं, माह्यावर काहून? मी का रोममधून आली काय?

काल आमंत्रण द्याले बुधरामच्या घरी गेलो. यायनं ऐटीत पुस्तिका देल्ली. बुधराम म्हणे, का मास्तर, मले चष्मा नाही, तुमीच वाचा. आजूबाजूचे बी येऊन बसले. पान अकरा आलं तसे हे चष्मा पुसत बसले. बुधराम म्हणे, वाचा ना जी, आमचं गाव कुठी आलं? मंग वाचलं यायनं, मागाचा खड्डा अन् सारं.

शकुन उठली. म्हणे, का मास्तर, आमचं गाव एकडाव पाण्यानं बुडवलं, तवा कागदावर तरी होतं. तुमी कागदावरूनबी बुडवलं. चाय ठेवला होता चुलीवर, तो तिनं उतरवून ठेवला. देल्ला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरून बिनचायचे आलो.

मले लय लाज वाटली. तू भांडतेस ते भांड. मफलर घाल.
काकू

पवनी, १ फेब्रुवारी २०१५

चि. स्वातीस आशीर्वाद.

तुझा मला राग आला आहे, आणि तू बरोबर आहेस म्हणून जास्त आला आहे. काकूने सगळे कळवले असेलच. तिच्या पोटात काही राहत नाही.

नव्याने छापायचे नाही असे ठरवले. तीनशे प्रती घरी आहेत. रोज बसून प्रत्येकीच्या पान अकरावरची ओळ पट्टीने खोडतो आणि खाली लिहितो : ‘करंजटोली (आता पाण्याखाली). बुधराम यांच्या वडिलांच्या जाळ्याला बांधलेली होती. त्याआधीचे ठाऊक नाही.’ कपाटातली पाटीही हीच. शेवटचे दोन शब्द लिहिताना फार जड गेले. चौतीस वर्षांत वर्गात मी ते एकदाही म्हटले नव्हते.

खोडलेले वाचता येते. येऊ दे. रोममधल्या ज्या कमानीवरून गेटाचे नाव काढले, तिथल्या ओळीत जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोके अजून दिसतात, हे तुला सांगायचे राहिले होते. पुसणाऱ्याचे काम तिथे कायमचे उघडे पडले आहे. माझेही पडू दे.

दुरुस्त केलेली पहिली प्रत घेऊन बुधरामकडे गेलो. शकुन दारातून सरकली नाही. म्हणाली, साऱ्या तीनशे होऊ द्या, मंग या.

एक प्रत सोबत आहे. लोभ मागत नाही. उत्तर मात्र धाड.
मधुकर

चिखला, ५ फेब्रुवारी २०१५

ती. काकांस, सा. न.

प्रत मिळाली. रेघ सरळ आहे. व्यास मात्र ३.७ छापला आहे, ३.१ करा, तीनशे ठिकाणी.

राग गेलेला नाही. १५ तारखेला येते आहे. वही आणणार नाही. व्यासपीठावर बसणार नाही. शकुनवहिनी आल्या तर त्यांच्याजवळ बसेन. त्या येतील की नाही हे तुमच्या उरलेल्या प्रतींवर आहे.

सोबत खाणीची एक चिठ्ठी पाठवते आहे; कोरी आहे असं समजू नका. ती भरलेली आहे. नमुना : भाजलेली माती. जागा : करंजटोली. नमुना काढणाऱ्याच्या रकान्यात मी शकुनवहिनींचं नाव लिहिलं आहे, कारण दोरी त्यांनी कापली. ती चकतीखाली ठेवा. पाटी कुणीही बदलू शकतो. चिठ्ठी नमुन्याबरोबर राहते.

लोभ होता तिथेच आहे.
स्वाती