बाकीचं शिसं कुठे गेलं

९ जानेवारी २०१६, शनिवार
सकाळी लेकीशी, इराशी व्हिडिओ कॉल चालू होता. ती आणि तिचा बाबा अभिजित ग्योतोकुला, मी इथे जपानच्या उत्तरेला इवातेच्या डोंगरात, युनिव्हर्सिटीच्या जनावरांच्या हॉस्पिटलातल्या नोकरीपायी. हा दुसरा हिवाळा. ती तिचा नवा दात दाखवत होती आणि मध्येच हॉस्पिटलचा फोन. पळाले.

खोक्यात, कुणाच्या तरी नारिंगी शिकारी जॅकेटमध्ये गुंडाळलेला इनुवाशी. सोनेरी गरुड! नर. आजवर दुर्बिणीतून ठिपका पाहिलाय फक्त, आज हातभर अंतरावर. मानेवरची पिसं खरंच सोनेरी, फोटोत दिसतात त्याहून जास्त. पंजाशेजारी हात धरून पाहिला, माझ्या हाताएवढा पंजा. मान उचलता येत नाही, विष्ठा गर्द हिरवी. पण डोळ्यांत काहीही कमी झालेलं नाही. तसं माझ्याकडे आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही.

प्रोफेसर एकच शब्द बोलले. "शिसं."

१० जाने.
एक्स-रे. जठरात एक पांढरा कण, अर्ध्या तिळाएवढा. बस. रक्ताच्या तपासणीत यंत्र आकडाच देत नाही, नुसतं "मर्यादेबाहेर" म्हणतं. रक्तातलं शिसं ओढून काढणारं इंजेक्शन सुरू. नळीने पाणी, अन्न.

शिकारी हरीण मारतात, तिथेच साफ करतात, आतडी-बितडी बर्फात पुरतात. पुरायचा नियमच आहे. पण बर्फात पुरलेलं पुरलेलं राहत नाही. कोल्हा उकरतो, मग घारी, कावळे, मग हा. मांसात गोळीचे तुकडे राहिलेले असतात. एवढं मोठं पाखरू, आणि अर्धा तीळ.

१२ जाने., मंगळवार
गेला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. शेवटी एकदा पंख पूर्ण उघडले. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. नर्स दोन पावलं मागे सरकली, मीसुद्धा. मग मिटले नाहीत, आम्हीच मिटवले.

तो सापडला त्या कड्यावर एकच जोडी होती. मादी आता एकटी.

१६ जाने., शनि.
जॅकेटचे मालक आले. ओइकावा-सान, वय बहात्तर, त्यांनीच गरुड शोधून वनखात्याला कळवलं होतं. बुटके, रुंद, एका कानाने कमी ऐकतात (त्याच बाजूला बंदूक, पन्नास वर्षं). नाव विचारलं तर मी नेहमीसारखं नुसतं माधवी सांगितलं. आडनाव? म्हटलं, शिंदे. जपानीत "शिंदे" म्हणजे "मरून". म्हातारा दचकला, मग हसला, मग एकदम हसायचा थांबला.

"मेला का तो?"
"हो. मंगळवारी."

टोपी काढली.

"त्याच कड्याखाली डिसेंबरात मी दोन हरणं मारली, सेन्सेई. माझ्या गोळीने मेला का तो? सांगता येतं का तुम्हाला?"

सेन्सेई म्हणजे डॉक्टर, म्हणजे मी. खरं तर थोडंफार येतं. प्रत्येक खाणीचं शिसं किंचित वेगळं असतं, दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत ते मोजायचं यंत्र आहे. त्यांच्या रायफलची एखादी वापरलेली गोळी मिळाली तर ताडून बघता येईल. मला वाटलं, आता हे जॅकेट घेऊन जाणार आणि परत दिसणार नाहीत.

"आहेत माझ्याकडे. डबाभर," म्हणाले.

२३ जाने.
खरंच डबा. चहाचा, पत्र्याचा. आत तीसेक वर्षांत हरणांतून, अस्वलांतून काढलेल्या गोळ्या. अळंब्यांसारख्या फुललेल्या, चेपलेल्या, एक तर फाटलेल्या बुटासारखी. ओइकावा-सानना (पुढे नुसतं ओ-सान लिहीन) प्रत्येक आठवते. "ही झऱ्याकाठचं अस्वल. खांद्याचं हाड फोडून पलीकडच्या कातड्याखाली थांबली." "ही मोठा नर, बायको दवाखान्यात होती त्या वर्षीचा."

शिशाची गोळी का चांगली तेही सांगितलं. शिसं मऊ. अंगात शिरल्या शिरल्या फुलतं, लांबून मारली तरी फुलतं. जनावर उभ्या जागी पडतं. तांब्याची गोळी कडक, आरपार जाते, हरणाला कळतही नाही आपल्याला लागलंय, पळतं, रानवेळूत शिरतं.

"नेम चुकला तर ते पाप नाही, सेन्सेई. लागून पळालेलं जनावर, ते पाप."

सहज म्हणून एक गोळी आमच्या वजनकाट्यावर ठेवली. नवी असताना नऊ पूर्णांक सात ग्रॅम. अस्वलाची: सहा पूर्णांक एक. बुटासारखी: चार पूर्णांक आठ. एकेक करत सगळा डबा झाला. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही वजन केलं नव्हतं.

"बाकीचं कुठे गेलं?" त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने.

यंत्रासाठी एक गोळी ठेवून घेतली.

३० जाने.
आज त्यांनी काल मारलेल्या हरणाचा पुढचा पाय, खांद्यासकट, आणला. शिशाचीच गोळी. एक्स-रे काढला. प्लेट पडद्यावर आली. काळ्या मांसात शेकडो पांढरे कण, मधे दाट आणि कडेला विरळ. आमच्या गावाला उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेव्हा आकाश असं दिसायचं. सुंदर होतं, खोटं कशाला लिहू.

ओ-सान पडद्याजवळ गेले. जखमेभोवती बोट फिरवलं. "एवढं मी कापून टाकतो." मग टीचभर पलीकडे. तिथेही चांदण्या. "आणि हे मुलीकडे पाठवतो."

२०११च्या भूकंपात अणुभट्टी फुटली तेव्हापासून ते प्रत्येक हरणाचं मांस नगरपालिकेत नेऊन किरणोत्सर्ग मोजून आणतात. न चुकता. पाच वर्षं.

"ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून मोजत होतो," म्हणाले. जाताना दारात: "तांब्याच्या मिळतील. दुकानात आहेत."

७ फेब्रु., रविवार
पहिल्यांदाच ओ-सानबरोबर शिकारीला गेले. आठवडाभर रेंजवर नेम बसवला होता त्यांनी. नवी गोळी दाखवली. लांबुळकी, तांबूस, टोकाला भोक. आत शिरली की भोकात मांस दाबलं जाऊन चार पाकळ्या उघडतात, तुकडे पडत नाहीत. पण त्याला वेग लागतो.

दहाच्या सुमाराला समोरच्या उतारावर नर. शिंगं एवढी की झुडूपच चालतंय असं वाटलं. दोनशे सत्तर मीटर. ओ-सान बर्फात पालथे. आवाज डोंगरातून तीनदा परत आला. नराने मान उचलली, इकडे बघितलं आणि चालायला लागला. मग पळाला.

"लागली," ओ-सान म्हणाले. "मी ऐकली लागलेली."

रक्त नाही. शंभर पावलांवर एक थेंब. मग रानवेळू, छातीएवढा, बर्फाने वाकलेला. चार वाजेपर्यंत शोधलं. अंधार पडायच्या आत उतरावंच लागतं.

८ फेब्रु.
दुपारी त्यांचा फोन. सापडला. ओढ्याकाठी बसलेला, जिवंत. दुसरी गोळी घालावी लागली.

"काल दहापासून आज आठपर्यंत, सेन्सेई. आता बोला."

संध्याकाळी जनावर बघायला गेले. कातडं काढलं. पहिल्या गोळीचं भोक पेन्सिलीएवढं, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. पाकळ्या उघडल्याच नव्हत्या. तेवढ्या लांब पोचेपर्यंत गोळीचा वेग संपला होता. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. वाचलं होतं मी ते.

अभिजितला सांगितलं तर म्हणे, "अगं, तू जनावरांची डॉक्टर आहेस की गोळ्यांची?" मागून इरा: "शिका, कावाइसो!" हरीण, बिचारं. मराठीत बोल म्हटलं तर हेच आणखी मोठ्याने.

११ फेब्रु., सुट्टी
माफी मागायला गेले. ओ-सान कोतात्सुत, म्हणजे खालून शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घालून, भिंग घेऊन तांब्याच्या गोळीच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. बायको वारलीय, घरात एकटेच. मला मिकान, इथलं छोटं संत्रं, सोलून दिलं.

मी तयार केलेली वाक्यं अर्धी म्हणून झाली तेवढ्यात:
"चूक गोळीची नाही. तुमचीही नाही. माझ्या वडिलांकडे जुनी बंदूक होती, तिने लांबून काही पडायचं नाही. ते पन्नास मीटरवर जायचे. जवळ जायला शिकावं लागतं. शिशाने मला लांबून मारायची सवय लावली."
"पण तुमचं वय, या बर्फात—"
"म्हणून तर हरणं वाचतील काही," म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

त्यांनी केलेला स्वतःपुरता नियम: शंभर मीटरच्या आत, खांद्याच्या हाडावरच. नाहीतर ट्रिगरला बोट नाही.

१४ फेब्रु., रवि.
आज जे बघितलं ते लिहायला जमतं का बघते.

पहाटे निघालो. सात माद्या, एका वळणापलीकडे. तिथपर्यंत पोचायला पावणेतीन तास. बहात्तर वर्षांचा माणूस बर्फावरून पोटावर सरकतोय, वारा फिरला की थांबतोय, माद्यांनी मान वर केली की दगड होतोय. मी मागे, दातांवर दात. एकदा एक मादी सरळ आमच्याकडे बघत राहिली. माझ्या पापणीवर बर्फ पडला, पुसला नाही. किती वेळ कोण जाणे. मग ती परत खायला लागली.

साठ मीटर. त्यांनी आडवं उभं राहायची वाट बघितली. गोळी सुटली आणि मादी होती तिथे उभी नव्हती. बर्फात बसल्यासारखी खाली. पायसुद्धा हलला नाही. बाकीच्या सहा टेकडीपलीकडे, आणि मग इतकी शांतता की माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

ओ-साननी गुडघे टेकून हात जोडले. मीही जोडले, नकळत, आपल्यासारखे.

दोन्ही खांद्यांची हाडं फोडून गोळी पलीकडच्या कातड्याखाली. मीच काढली. चार पाकळ्या मागे वळलेल्या, अजून गरम. हॉस्पिटलात वजन: नऊ पूर्णांक सहा. पायाचा एक्स-रे: काळा. हाडांचे तुकडे सोडले तर नुसता काळा. ओ-सान त्या काळ्याकडे, मागच्या चांदण्यांकडे बघितलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ बघत होते.

२४ फेब्रु., बुधवार
यंत्राचा निकाल आला. गरुडाच्या रक्तातलं शिसं आणि ओ-सानच्या गोळीचं शिसं जुळतं. पण ही गोळी सगळीकडे मिळते, या दरीतल्या बारा शिकाऱ्यांपैकी निदान सहा तीच वापरतात. म्हणजे त्यांची असू शकते, नसूही शकते. यापुढे सांगता येत नाही.

फोनवर सांगायचं नव्हतं, घरी गेले. "नसूही शकते" हे दोनदा म्हटलं. त्यांनी चांगल्या कानामागे हात धरून नीट ऐकलं.

"अर्धी दरी," म्हणाले. "म्हणजे मी आलोच त्यात."

बाकीच्या अकरांशी एकेकाच्या घरी जाऊन बोलणार आहेत. बरोबर दोन्ही एक्स-रे हवेत. छापून दिले.

२८ फेब्रु., रवि.
चार दिवसांत ओ-सान चौघांकडे जाऊन आले. एकाने मागच्या हरणाचा पाय तपासायला दिला. एकाने चहा दिला आणि विषय बदलला. एक म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. चौथ्याने दार उघडलं नाही, गाडी मात्र अंगणात होती.

आज बंदूक न घेता कड्यासमोर गेलो, फक्त दुर्बीण. अकराला गरुडाची मादी दिसली. कड्याच्या कडेवरून नुसती सुटली, पंख न हलवता, आणि आख्खी दरी एका वळणात ओलांडली. तोंडातून आवाज निघाला माझ्या. ओ-सान म्हणाले, पन्नास वर्षं झाली, माझ्याही निघतो.

ती खाली खाली येत होती. पलीकडच्या ओढ्याजवळ कावळे. दुर्बिणीतून बघितलं: बर्फ उकरलेला, लाल. सकाळी त्या बाजूने एक बार ऐकला होता. कुणाचा, कुठल्या गोळीचा, माहीत नाही.

ओ-सान निघाले. गाडीतलं फावडं घेतलं आणि सरळ उतारावरून खाली, मांडीएवढ्या बर्फात. मी मागे, "थांबा, हळू" ओरडत, त्यांच्या वाईट कानाच्या बाजूने. ते टाळ्या वाजवत होते, आरोळ्या ठोकत होते, आणि ती आमच्या डोक्यावर फिरत होती. तिची सावली दोनदा बर्फावरून, माझ्यावरून गेली. मग ती झाडांमागे उतरली. तिथून ओढा दिसत नव्हता.

आम्हाला पोचायला वीसेक मिनिटं लागली असतील. कावळे उडाले. ती नव्हती. आतड्यांच्या बाजूला, ताज्या बर्फात, माझ्या हाताएवढा एक पंजा उमटलेला. एकच. दुसरा जिथे पडायला हवा तिथे सगळं कावळ्यांनी तुडवलेलं.

"खाल्लं का तिने?" ओ-साननी विचारलं. धाप लागली होती, फावड्यावर टेकून उभे होते.

खाली वाकून बघितलं, बराच वेळ. सांगता येईना.

मग आतडी पुरायला दोघांनी मिळून खोल खणलं, बर्फाखालची माती लागेपर्यंत, आणि मातीही खणली.